पान चौऱ्याहत्तरवरचं दप्तर

उत्तर न दिलेलं पत्र घरात फारशी जागा घेत नाही. ते ज्या कपाटात असतं, ते कपाट मात्र माणूस उघडेनासा होतो. वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेच्या नानाजींनी असं एक कपाट फेब्रुवारीपासून उघडलेलं नव्हतं. आत त्यांचे तीन सुती सदरे होते. त्यांनी अख्खा उन्हाळा टेरिकॉटमध्ये काढला.

नानाजी सदोतीस रहस्यकथांचे लेखक. या पुस्तकांचं समाजावर मोठं ऋण आहे. साध्यासुध्या बाईने क्रूर खलनायकाशी कसं लढावं, हे त्यांतून घरबसल्या शिकता येतं. त्यासाठी काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. बाई बंगल्यात एकटी हवी, फोन बंद हवा आणि शेजारी लग्नाला गेलेले हवेत (सदोतीस पुस्तकांत शेजारी सदोतीस लग्नांना गेले, आहेराची नोंद नाही). खलनायक हातमोजे घालतो. वर्ध्याच्या मे महिन्यात हातमोजे घातलेला इसम पोलिसांना बसस्टँडवरच सापडायला हवा, पण शेवटच्या प्रकरणाआधी पोलीस येत नाहीत. तसा प्रघात आहे.

नानाजी स्वतः भिडस्त. दुकानदाराने चुकीची वही दिली तरी ते तीच वापरत. अशीच एक वही खिशात घेऊन गेल्या पावसाळ्यात ते सेलूच्या लेकीकडून वर्ध्याला परतत होते, सकाळच्या सव्वानऊच्या एसटीने, मागच्या सीटवर. पुढे कॉलेजची एक मुलगी उभी होती आणि तिच्यामागे इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात तीन खणांचा डबा असलेला गृहस्थ. गाडी न हलताही तो तिच्यावर रेलत होता. मुलीने निळं दप्तर छातीशी धरलं. दप्तराचा पट्टा लाल धाग्याने शिवलेला होता. नानाजींनी वहीत टिपलं : ‘दप्तर छातीशी. लाल धागा. वापरता येईल.’

तेवढ्यात मुलगी ओरडली, “दूर सरका!”

गृहस्थ सगळ्या गाडीकडे वळून म्हणाला, “मी काय केलं? कोणी पाह्यलं का?”

गाडीत आणखी बेचाळीस प्रवासी होते. बाहेर तुरीचं शेत होतं. बेचाळीस जणांनी तुरीचं शेत पाहिलं.

दिवाळीत अडतिसावं पुस्तक निघालं. त्यात मुलगी दप्तराच्या पट्ट्याने खलनायकाचा गळा आवळते. (डब्याला जागा नव्हती, हातमोजे ठेवले.) आणि फेब्रुवारीत सेलूहून पत्र आलं :

“नानाजी, नमस्कार. मी कमला, ब्लाउज शिवते. लायब्ररीतून तुमचं पुस्तक आणलं. पान चौऱ्याहत्तरवर माही पोरगी रोशनी हाये. त्या पट्ट्याले लाल धागा मीच लावला, निळा सरला व्हता. म्हंजे तुम्ही गाडीत व्हता. पोरीनं गाडीत तमाशा केला असं गावात झालं, अन् तिच्या बापानं कॉलेज बंद केलं. आता घरी काजं करत बसते. तो म्हणते, गाडीतल्या एकानं तरी सांगाव का पोरीची चूक नव्हती, मंग जूनमधी नाव घालतो. दोन ओळी लिहून द्या जी. तुम्हाले लिहाची सवय हाये.”

सदोतीस अधिक एक पुस्तकांच्या लेखकाला दोन ओळी जमेनात. मसुदे नऊ झाले. पहिल्यात मुलीच्या धैर्याचं वर्णन होतं, चौथ्यात समाजाच्या अधोगतीचं. लेखक कुठे बसला होता, हे एकाही मसुद्यात नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पत्नी नलूबाईंनी सदरे काढायला कपाट उघडलं. पत्र वाचून त्या बाहेर आल्या.

“काऊन जी, या बाईले उत्तर टाकलं का?”

“विचार करून राह्यलो.”

“चार महिने? भेता कोणाले? गाडीतल्या त्या माणसाले?”

“नाई. तिले कळंल, मी बसूनच होतो.”

“तिले ते माहीत हाये. म्हणून तं तुम्हाले लिहिलं. पान चौऱ्याहत्तर भरलं तुम्ही त्या पोरीवर, अन् आता शाई सरली का?”

नानाजींनी सुती सदरा घातला आणि रोशनीच्या वडिलांना लिहिलं : “तानबाजी, मी त्या गाडीत मागच्या सीटवर होतो. तो माणूस तुमच्या मुलीच्या अंगावर रेलत होता. मी पाहिलं. तिची चूक नव्हती. ‘कोणी पाह्यलं का’ असं त्याने विचारलं तेव्हा मी बोललो नाही. ती चूक माझी.” खाली खरं नाव आणि पत्ता घातला. मग पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि पाकीट आत टाकून, ते अडकलं तर नाही ना, हे बोटांनी दोनदा पाहून आले.

उरले एक्केचाळीस. त्यातल्या चौघांच्या हातात तेव्हाही रहस्यकथाच होती, म्हणजे हीदेखील ते वाचत असणार, आणि पट्टा गळ्याभोवती कधी आवळला जातो याची वाट पाहत असणार. त्यांच्या माहितीसाठी : पेटी रोज साडेतीनला उघडतात.