चाचपायचं संग्रहालय

परतूरला आमच्या शेजारी दगडूमामांचं संग्रहालय होतं. आत शिरणाऱ्याच्या डोळ्यांवर मामा आधी गमछा बांधत. "बघायचं बिलकुल न्हाई. चाचपायचं," ही ताकीद. पाटीही तशीच: 'हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.'

संग्रहालय म्हणजे त्यांची पुढची खोली. ट्रॅक्टर अन् पंप आल्यावर लोकांनी अडगळीत टाकलेली कोळपी, मोटा, घुंगरमाळा मामांनी गोळा केल्या होत्या. सगळं हाताशी येईल असं मांडलेलं, काच कुठंच नाही. एकदा एक साहेब आले. मामांनी त्यांचाही मुलाहिजा ठेवला नाही. साहेब मोटेच्या कातड्यावर हात फिरवत दचकून म्हणाले, "म्हैस आहे का?"

"होती," मामा म्हणाले.

बाजाराच्या दिवशी मामा आंधळ्यांना बोलवायला घरोघर जात. घरचे म्हणत, "आंधळ्याला काय दाखवता, मामा?" मामांचा पारा चढे. "तुमी डोळे असून काय दिवे लावले?" पण येत कुणीच नसे. दुपारभर मामा दारात एकटेच बसलेले दिसत. मला फार वाईट वाटे.

एकदा मी विचारलंच, हे वेड कुठून लागलं?

मी परतूरला बदलून येण्याआधीच मामी वारल्या होत्या. शेवटी त्यांची नजर गेली होती, एवढंच मला माहीत होतं.

"पेरणीला तुझ्या मामीसारखा हात न्हवता कुणाचा," मामा म्हणाले. "नजर गेली अन् नुसती बसून राह्यली. म्हणलं, तिचं चाडं तिच्या हातात द्यावं."

चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी. बाई तिच्यात मुठीनं बी सोडत चालते.

"पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो, तसं रंगवलं. काठावर तिचा हात घासून खाच पडल्ती, ती रंगाऱ्याची लांबी भरून बराबर केली. वर ऑइलपेंटचे दोन हात दिले. तिनं लई येळ चाचपलं. मंग म्हणली, कुणाचं हो आणलं हे?"

मामा आपल्या तळहातांकडे पाहत होते.

"हातानं दिसतं, हे मला कुठं ठावं होतं? मंग खरवडाय बसलो. रंग निघाला, लांबी निघाली. तवर ती गेल्ती."

त्यांनी आतून चाडं आणून माझ्या हातात दिलं. खाच मोकळी, गुळगुळीत होती. मी हात टेकवून पाहिला, वळवून पाहिला. बसेना. तसं मी सांगितलं.

"न्हाईच बसायचा," मामा म्हणाले, आणि चाडं माझ्याकडून काढून घेतलं.