सोनुबाईंच्या श्रीमंतीचं गूढ

“लिही,” हर्षद म्हणाला, “कर्जत-खालापूर पट्ट्यातला एकमेव गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, मेंदू…”

“कोणाचा लिहू?” मी विचारलं.

ती जागा अजून रिकामी आहे.

हा माझा नवरा. भिसेगावात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर ‘गुप्त तपास’ मोठ्या अक्षरात आणि ‘झेरॉक्स’ बारीक. गिऱ्हाईक मात्र बारीक अक्षर वाचूनच येतं. मी त्याची सहायक, म्हणजे कडेवर सहा महिन्यांची पारू आणि काखेत फाइल.

केस शेजारच्या सोनुबाईंची. एका बँकेने त्यांना फोनवरूनच दोन लाखांचं क्रेडिट कार्ड दिलं. त्यावर त्यांनी सव्वीस हजारांची घरघंटी घेतली. मध्ये तब्येतीमुळे हप्ते चुकले आणि व्याज-दंड धरून देणं एकेचाळीस हजारांवर गेलं. आता घरघंटी विकायची वेळ आली होती, आणि लोकांची दळणं हेच तर त्यांचं पोट. बाईंची ऐपत न बघता कार्ड दिलंच कसं, अशी आम्ही तक्रार केली. बँकेने कळवलं, ‘ग्राहक उच्च उत्पन्न गटातील आहे. तसे तिने स्वतः सांगितले आहे.’

“उच्च!” हर्षदचे डोळे चमकले. “मावशी, खरं सांगा. फळीवरच्या त्या डब्यात काय हाय?”

“पीठ हाय रं.”

“सगळे श्रीमंत हेच सांगतात. बरं, जुळी बहीण?”

“धाकली हाय, जनी. ती माझ्याकडनंच उसनं नेते.”

“जमीन?”

“परड्यात चार वांगी हायत.”

“विनिता, लिही. बागायतदार.”

शेवटी आम्ही शिळफाट्याच्या शाखेत गेलो. तक्रारी बघणाऱ्या श्रद्धा मॅडमनी त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. सोनुबाईंनी भीतीने पारूचं पाऊल मुठीत धरून ठेवलं होतं.

‘मॅडम, इन्कम?’

‘हाय.’

‘हाय?’

‘हाय म्हंजे हाय! बसून खात नाय मी.’

‘ओके मॅडम, थँक यू!’

“ऐकलंत?” श्रद्धा मॅडम म्हणाल्या.

“ऐकलं,” हर्षद गंभीरपणे म्हणाला. “मागे कोंबडा आरवतोय. खुणेचा कोंबडा हाय तो.”

माझं माहेर डोंबिवलीचं. लग्नानंतर पहिलं वर्षभर नवरा ‘भूक हाय’ म्हणाला की मी दोन माणसांचा स्वयंपाक चार माणसांचा करायचे.

“मॅडम,” मी म्हटलं, “मावशींनी ‘आहे’ असं सांगितलंय, इंग्रजीतलं ‘हाय’ नाही. किती आहे, ते तुमच्या माणसाने विचारलंच नाही.”

मॅडमनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मग परत एकदा. मग कपाळाला हात लावला.

“मला हा संशय पयल्यापासून हाय,” हर्षद म्हणाला.

व्याज आणि दंड रद्द झाले. कार्ड बंद. घरघंटी मावशींकडेच राहणार होती आणि तिचे उरलेले पैसे झेपतील तेवढ्या हप्त्यांनी फेडायचे होते. झेपतील म्हणजे किती, ते ठरवायला मॅडमनी कोरा कागद ओढला. दळण रोज किती किलो? विजेचं बिल? औषधं? खाणारी तोंडं किती? नवरा काय करतो?

“झोपतो,” सोनुबाई म्हणाल्या.

अर्ध्या तासाने कागद भरला. सोनुबाईंनी पदराने घाम पुसला आणि मॅडमकडे मायेने बघितलं.

“पोरी, येवडी चौकशी माझ्या बापानं केली असती ना, तर ह्या माणसाच्या घरात मी पडलेच नसते गं.”