चिमूटभर तंबाखू आणि साबणाची वडी

द्वारकाबाईने आपल्या दोन्ही भावांना घरात एकाच सतरंजीवर बसवलं आणि मनातल्या मनात राजूरच्या गणपतीला हात जोडले. चतुर्थीला दोघं दर्शनाला येणार हे तिला ठाऊक होतं. थोरल्या तातेरावांना तिने देवळाच्या पायरीवरून ओढून आणलं, धाकट्या पुंजारामला नारळाच्या दुकानातून. दुसराही येतोय हे मात्र कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोण आलं असतं?

भावाभावांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. कारण काय, तर पुंजारामच्या पोराच्या जावळात तातेरावांना आहेराची टोपी मिळाली, टॉवेल मिळाला नाही. बस, एवढंच! पण तुळशीच्या लग्नानंतर द्वारकाबाईच्या लेकीचं लग्न होतं, आणि 'तो येणार असंल तर मी न्हाई,' असा दोघांचाही निरोप आलेला. नवरीच्या पाठीशी सख्खा मामा उभा नाही म्हटल्यावर लोक काय तोंड बंद ठेवतात? द्वारकाबाईचा जीव तीळतीळ तुटत होता.

त्यात ते साल स्वाइन फ्लूचं. टीव्ही लावला की पुण्याच्याच बातम्या. पुंजाराम शाळेत शिपाई. पोरांना हात धुवायला लावता लावता स्वतःच त्या नादी लागला होता. आलाच तो तोंडाला रुमाल बांधून, गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी अडकवून.

"माझं थोबाड पाह्यचं न्हाई म्हणून तोंड बांधून आला का ह्यो?" तातेराव भिंतीला म्हणाले.

"न्हाई वो दादा, साथ हाय ना!" द्वारकाबाई मधे पडली. "पुंजा, काढ रं तो रुमाल जल्दी."

"बाई, लागट रोग हाय," पुंजाराम रुमालातूनच बोलला.

"डुकराचा रोग हाय त्यो!" तातेराव भिंतीलाच समजावू लागले. "आपण कधी डुकराला शिवलो का? मंग आपल्याला कसा व्हईल?"

बहिणीचे डोळे पाहून पुंजारामने रुमाल हनुवटीखाली घेतला. तातेरावांनाही काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी बंडीतून पिशवी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि मळायला सुरुवात केली. त्यांच्या घराण्यात भांडण कसलंही असो, थोरल्याने तंबाखू मळून हात पुढे करायचा आणि धाकट्याने चिमूट उचलायची, मिटलं भांडण! आणि चिमूट नाकारली तर मात्र जन्माचं तुटलं.

तातेरावांनी तळहात पुढे केला. पुंजारामचा हात निघाला, अर्ध्यात थांबला.

"दादा, हात धुतले का?"

झालं! तातेरावांनी तंबाखू खिडकीत ठेवली आणि पायताण शोधायला लागले.

"द्वारके, चाललो मी! ह्याच हातानं ह्याला न्हाऊ घातलं, शेंबूड पुसला ह्याचा. आज ह्यो इचारतो, हात धुतले का!"

"जीपचा दांडा धरून आल्ता ना तुमी? गर्दीत रेटारेटी केली ना? म्हणून म्हन्लं."

"तू काय इमानात बसून आल्ता का? तुझे हात धुतलेले हायेत का?"

पुंजारामने आपले हात पाहिले. नारळाच्या शेंड्या, गुलाल, पेढ्याचा चिकटा. ते त्याने हळूच पाठीमागे लपवले.

तेवढ्यात द्वारकाबाईने साबणाची वडी आणि बादली अंगणात आणून ठेवली. "दोघंबी धुवा, नाहीतर मी इथंच जीव देते!"

आधी कोण, यावर आणखी घोळ. शेवटी तिने दोघांचे हात एकदमच ओले केले आणि साबण फिरवला. इतक्यात चुलीवरचं दूध वर आलं. तांब्या टाकून ती आत पळाली. अंगणात राहिले दोन भाऊ, चार हात आणि फेसच फेस.

"बोटांच्या बेचक्यात घासा, दादा. नखं बी."

"मला शिकवतो का?" म्हणत तातेरावांनी कपाळाचा घाम पुसला, अन् साबण गेला थेट डोळ्यात. "आगं आई गं! मेलो!"

ते आंधळ्यासारखे अंगणभर नाचू लागले. पुंजारामने दोन मनगटांत तांब्या पकडला, कसाबसा भरला. "दादा, खाली वाका. हलू नगा ना!" त्याने थोरल्याच्या डोळ्यांवर पाणी मारलं, मग हातांवर ओतलं, परत भरून परत ओतलं.

तातेराव डोळे चोळत उभे राहिले. धाकट्याचे हात फेसाने तसेच भरलेले. त्यांनी तांब्या घेतला. "कर पुढं." आणि धार धरली. फेस केव्हाच गेला होता, तरी ते ओततच राहिले. पुंजारामच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्या डोळ्यात तर साबण गेला नव्हता.

दारात द्वारकाबाई उभी. आत दूध पार उतू गेलं, करपलं, त्याचा वास अंगणात आला, तरी तिचा पाय हलेना.

बहिणीच्या पदराला हात पुसून पुंजाराम आत गेला आणि खिडकीतल्या तंबाखूला त्याने चिमूट घातली.

"ए! थांब!" मागोमाग आलेले तातेराव खेकसले.

द्वारकाबाईने कपाळाला हात लावला. आता आणखी काय?

तातेरावांनी ती तंबाखू फुंकर मारून अंगणात उडवली.

"लेका, ती आधीच्या हातांनी मळलेली हाय," ते म्हणाले आणि नवी मळायला बसले.