जुलैतला हिवाळा

संकटानं वेळेवर यावं, ही माणसाची निसर्गाकडे फार जुनी आणि अगदी रास्त मागणी आहे. निसर्गाच्या कार्यालयात आवक-जावक विभाग नसल्यामुळे तिची अद्याप नोंद झालेली नाही. म्हणून शहाणा समाज संकटाचा सराव आपल्या सोयीनं करतो आणि खरं संकटही तीच सोय पाहील असं धरून चालतो.

हे तत्त्व श्रीरंग परुळेकरांइतकं कुणाच्या अंगात मुरलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या एका तेलगळती-निवारण कंपनीत ते सराव-नियोजक होते आणि शनिवार-रविवारी मराठी मंडळाचे सचिव. दुसऱ्या पदाचा पहिल्याला फार उपयोग होई. मंडळाचा गणपती हॉल मिळेल त्या शनिवारी बसे, संक्रांत फेब्रुवारीअखेर येई आणि कोजागरीचं दूध दुपारी दोनला प्यायलं जाई (चंद्राकडून आजवर लेखी हरकत आलेली नाही). कुणी कुरकुरलं, तर श्रीरंग म्हणत, "भावना महत्त्वाची."

कंपनीकडे अलास्कातल्या एका फ्योर्डची, म्हणजे डोंगरांच्या कुशीत आत घुसलेल्या अरुंद, खोल खाडीची जबाबदारी होती. तिथून तेलाची जहाजं जात. दर जुलैत सराव होई. तेलाऐवजी खोकीच्या खोकी संत्री पाण्यात ओतत, कारण संत्री तरंगतात आणि माशांना बाधत नाहीत. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी उन्हाळ्यात वरच्या थरातून समुद्राकडे वाहतं, त्यामुळे संत्री मुकाट्यानं खाडीच्या मुखाशी येत. तिथे 'बूम' नावाचे तरंगते पट्टे आडवे टाकून बोटी तयारच असत. यशाचं प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्के. (उरलेले दोन टक्के कर्मचारी सोलून खात.) मग किनाऱ्यावर बार्बेक्यू.

खाडीच्या आतल्या टोकाला वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याची कालवांची शेती होती. निघताना तो दर वर्षी श्रीरंगांच्या हातात बर्फात ठेवलेल्या कालवांचा डबा देई, "तुझ्या बायकोसाठी." सरला त्यांचं ओलं खोबरं घालून सुकं करी आणि कोकणातलं परुळे गाव बॉथेलच्या स्वयंपाकघरात येऊन बसे. त्या डब्यावर श्रीरंगांचा जीव होता.

या सुरळीत कारभारात शरयूनं खोडा घातला. ही मंडळातलीच मुलगी, समुद्रावर पीएचडी करणारी. दोन हिवाळे ती त्या खाडीत बोटीवर कुडकुडत पाणी मोजत बसली होती.

"काका, विंटरमध्ये सगळं उलटं होतं," ती म्हणाली. "नद्या गोठतात, समुद्रावरून वारा येतो आणि वरचं पाणी आत ढकलतो. तेव्हा तेल सांडलं, तर ते डायरेक्ट वॉल्टरच्या कालवांवर जाणार. थोडे बूम आत ठेवा ना! आणि एक ड्रिल जानेवारीत करा, प्लीज."

श्रीरंगांना पटलं. त्यांनी विषय कंपनीच्या सराव-समितीपुढे नेला. समितीनं जानेवारीचा सहानुभूतीनं विचार केला. जानेवारीत थंडी असते, हॉटेल बंद असतं, निखारे पेटत नाहीत. शिवाय बोटीवरून घसरून कुणी पाण्यात पडलं, तर सरावातच दुर्घटना व्हायची. आता मार्ग काय?

मार्ग श्रीरंगांनाच सुचला. अनुभव कुठे जातो! हिवाळी सराव जुलैतच साजरा करावा.

ठराव एकमतानं मंजूर झाला. सर्वांनी लोकरीच्या टोप्या घातल्या. लिंबू सरबताऐवजी गरम चॉकलेट ठेवलं. पाण्यात संत्री सोडली. संत्र्यांनी टोप्यांकडे ढुंकूनही न बघता समुद्राची वाट धरली. प्रयोगानंच सिद्ध झालं की हिवाळ्यातही पाणी बाहेर जातं. समितीनं शरयूचे आभार मानले आणि तिच्या मोजमापांवर 'हवामानाचा विपरीत परिणाम झालेला' असा शेरा मारला. सगळे बूम मुखाशीच राहिले.

"काका, पण हा जुलै आहे!" शरयू रडकुंडीला आली.

"अगं, भावना महत्त्वाची," श्रीरंग म्हणाले आणि वॉल्टरनं दिलेला डबा त्यांनी गाडीत ठेवला.

पुढच्या जानेवारीत एक जहाज खडकाला घासलं. प्रतिसाद अतुलनीय होता. पथकं विक्रमी वेळात खाडीच्या मुखाशी पोचली, बूम पसरले आणि सगळे तेलाची वाट बघत उभे राहिले. तेल आलं नाही. ते आत गेलं होतं.

श्रीरंग पोचले तेव्हा वॉल्टर किनाऱ्यावर एक काळंकुट्ट कालव हातात धरून उभा होता. त्यानं आरडाओरडा केला नाही. "या खेपेला बायकोसाठी काही नाही," एवढंच म्हणाला. श्रीरंगांना जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. मान वर करवेना.

चौकशीत आराखडा निर्दोष ठरला. तेलानं त्याचं पालन केलं नाही, एवढाच दोष निघाला. मग श्रीरंग उभे राहिले. यापुढे हिवाळी सराव जानेवारीतच झाला पाहिजे, ते म्हणाले. सभागृह हेलावलं. कुणीतरी डोळे पुसले. सर्वांनी हात वर केले आणि अध्यक्षांनी तारीख विचारली.

श्रीरंगांनी फोनवर कॅलेंडर उघडलं. पहिल्या शनिवारी लोक सुट्टीहून परतत होते. दुसऱ्या शनिवारी मंडळाची दिवाळी होती. तिसरा लाँग वीकेंड, चौथ्याला बर्फाचा अंदाज. बोट सरकत सरकत गेलं आणि जुलैच्या एका छान, मोकळ्या शनिवारी थांबलं.

वाचकहो, हसू आलं असेल, तर खुशाल हसा. फक्त तुमच्या इमारतीत गेल्या खेपेला आगीचा सराव रविवारी, नाश्ता झाल्यावर, आधी नोटीस लावून झाला होता आणि तुम्ही त्याला लिफ्टनं उतरला होतात, एवढं आठवून हसा.