पाहुण्यांसाठी राखलेला खड्डा

कल्याणची मंडळी रविवारी श्रमदानाला येणार, या बातमीने वाडीतल्या धाऊची झोपच उडाली. बोली साधी होती. वाडीने दगड-मुरूम काढायचा, शहराने अंगमेहनत करायची आणि संध्याकाळी एस.टी.चे साहेब बस आणून रस्ता तपासणार. गेल्या पावसात धाऊने पोटुशी सून झोळीत घालून मुरबाडला नेली होती. रस्ता नसल्याने गाडी वाडीपर्यंत येतच नव्हती.

"पन पाव्हन्यांना घमेली उचलाया लावायची?" त्याची बायको सकुबाई म्हणाली. "लोकं तोंडात शेन घालतील आपल्या!"

वाडीला पटलं. शनिवारपर्यंत सगळ्यांनी कंबर कसून अख्खा रस्ता करून टाकला.

रविवारी फाट्यावर ट्रकमधून वकील, मास्तर, कारकून उतरले, कोऱ्या कुदळी घेऊन. समोर गुळगुळीत रस्ता! त्यांचे पुढारी कर्णिक वकील हिरमुसले.

"मग आम्ही काय नुसतं जेवायला आलो?"

धाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणा रुसला! "नाय नाय साहेब, वाडीजवलचा तुकडा रायलाय. आधी च्या घ्या!" आणि चहा उकळेपर्यंत त्याच्या भावाने, लखमाने, चार गडी नेऊन चांगला रस्ता उखणून ठेवला.

मंडळी हौसेने भिडली. पण कुणाच्या हाताला फोड दिसला की वाडीतल्या बाया कुदळ काढून घेत आणि पाहुणे ती परत हिसकावत. या ओढाताणीत खड्डा कसाबसा भरला, चोपायचा मात्र राहिला. तेवढ्यात बस आली.

साहेबांनी बुटाने मुरूम दाबून पाहिला. "भुसभुशीत आहे. चाक रुतेल. आता पावसाळ्यानंतर बघू."

धाऊच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा वो साहेब!" सकुबाईने पदर खोचला. "नव्या घराची भुई आमी नाचून दाबतो. रस्ता काय येगला हाय? लखमा, ढोल आन!"

ढोल घुमला. वाडी नाचली, कारकून नाचले आणि कर्णिक वकील तर धोतराचा काचा मारून सगळ्यांपेक्षा जोरात नाचले. धुळीत शहरातला कोण नि वाडीतला कोण, ओळखू येईना. धाऊचा ऊर भरून आला. मग बस सावकाश त्या तुकड्यावरून गेली, आणि रुतली नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून गाडी सोडायचं कबूल केलं.

निघताना कर्णिकांनी धाऊला बाजूला घेतलं. "पुढच्या महिन्यात कल्याणला तलावातला गाळ काढायचाय. वाडी येईल ना?"

"येनार म्हंजे! समदी येनार."

"या. गाळाला आम्ही बोटसुद्धा लावणार नाही," कर्णिक डोळे मिचकावत म्हणाले. "आणि कमी पडला, तर आदल्या दिवशी आणून टाकू."