व्याह्यांच्या मानेवरची किल्ली

"माझ्या शिवणीत ठेवलेली वस्तू चोराला सोडा, चोराच्या बापालाही सापडायची नाही!" मास्टरांनी कापडाच्या टेबलावर मूठ आपटून सांगितलं, तेव्हा दुकानातल्या दोन्ही गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. एकाची पँट अजून मास्टरांच्याच हातात होती, त्यामुळे त्याला दुसरा इलाजही नव्हता.

विषय सहलीचा होता. लेकीने आणि जावयाने दोन्हीकडच्या आईबापांना मिळून त्या नावाजलेल्या बेटावर पाठवायचं ठरवलं होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं. जगभरातली माणसं तिथे जातात. मास्टरांचं म्हणणं एवढंच, की जिथे जगभरातली माणसं जातात तिथे जगभरातले चोरही जात असणार, त्यांना काय पाय नसतात?

मास्टर हवेत बोलणारे नव्हते. त्यांनी रीतसर चौकशी केली. दुकानात येणाऱ्यांपैकी बरेच जण त्या बेटावर जाऊन आले होते, आणि एक सोडून सगळे म्हणाले, की आमचं काही गेलं नाही, मजा आली. मास्टरांनी सल्ला त्या एकाचा घेतला. त्याची चप्पल किनाऱ्यावरून गेली होती. ती भरतीच्या लाटेने नेली असावी असं त्याच्या बायकोचं मत होतं, पण बायकांना गुन्हेगारीतलं काय कळतं?

"बाबा, तिकडे घोळ घालू नका," लेकीने फोनवर बजावलं. "सासूबाई सोन्याच्या बांगड्या घालून येणार आहेत. सासऱ्यांचं मन सांभाळा. तुमची त्यांच्याशी नीट ओळख व्हावी म्हणून तर हा खटाटोप."

ओळख व्हावी असं मास्टरांनाही मनापासून वाटत होतं. व्याही निवृत्त फौजदार. लग्नात मास्टर त्यांच्याशी जेमतेम चार वाक्यं बोलले होते आणि त्यातली तीन "हो साहेब" अशी होती. एवढ्या मोठ्या माणसापुढे आपण कोण, तर शिंपी! तेव्हा मास्टरांनी ठरवलं, आपली कला दाखवायची. व्याह्यांसाठी त्यांनी एक झकास फुलाफुलांचा शर्ट शिवला. माप घेतलं नव्हतं. मास्टर टेप लावतच नसत. "एकदा नजर टाकली की माणूस इंचाइंचाने कळतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नात टाकलेल्या नजरेवर शर्ट बेतला, आणि कॉलरचं एक टोक मुद्दाम न शिवता ठेवलं. का ठेवलं ते बायकोलाही सांगितलं नाही.

हॉटेलात पोचल्यावर मॅनेजरने चौघांना लोखंडी कपाटाचा एक खण दिला. चौघांचे पासपोर्ट आत गेले. विहीणबाईंनी हातातल्या बांगड्या उतरवल्या, रुमालात बांधल्या आणि त्याही ठेवल्या.

"किल्ली हरवली तर?" मास्टरांनी विचारलं.

"हरवू नका," मॅनेजर म्हणाला. "दुसरी नाही. खण फोडायचा तर माणूस पलीकडच्या शहरातून येतो, दोनतीन दिवस सहज जातात. हवी तर इथे काउंटरवर ठेवा. बरेच लोक ठेवतात."

काउंटरमागे खिळ्यांवर किल्ल्या उघड्या लटकत होत्या. मास्टरांच्या अंगावर काटा आला.

"मास्टर, किल्ली तुम्हीच ठेवा," फौजदार म्हणाले. "तुमच्याइतका जपून राहणारा माणूस मी नोकरीतही पाहिला नाही."

मास्टरांचा ऊर भरून आला. साक्षात फौजदाराने आपल्या हाती किल्ली सोपवली! खोलीत येताच त्यांनी बायकोला बजावलं, "आजपासून किल्ली हा शब्द तोंडातून काढायचा नाही. भिंतींनाही कान असतात. मला विचारायचं नाही, मी सांगणार नाही."

"बरं," बायको म्हणाली. तिला काज-बटणं करण्याची सवय, कमी बोलण्याचीही.

मग न्हाणीघरात जाऊन मास्टरांनी किल्ली व्याह्यांच्या शर्टाच्या त्या कॉलरमध्ये सरकवली, कॉलर ताठ ठेवणाऱ्या बकरमच्या दोन थरांमध्ये बसवली आणि टोक शिवून टाकलं. त्यांचा हिशेब सरळ होता. चोर मला धरेल, माझे खिसे उलटे करेल. फौजदाराच्या मानेला हात घालायची कुणाची छाती आहे? आणि खुद्द फौजदारांनाच माहीत नसेल, तर त्यांच्या तोंडून जाणार काय, कप्पाळ? चहाच्या वेळी त्यांनी शर्ट व्याह्यांना भेट दिला.

"वा!" फौजदार म्हणाले, आणि शर्ट घालून बराच वेळ श्वास रोखून उभे राहिले. लग्नाच्या वेळी ते नोकरीत होते आणि पोट पट्ट्याच्या धाकात होतं. निवृत्तीनंतर दोघंही मोकळे झाले होते. पण मास्टरांची नजर कॉलरवर होती, बटणांवर नव्हती.

तिथून मास्टरांची सहल संपली आणि पहारा सुरू झाला. फौजदार पुढे, शर्ट त्यांच्या अंगावर, आणि मास्टर शर्टाच्या मागे. फौजदार समुद्रात उतरले की मास्टर वाळूत शर्टावर बसून राहत. शर्ट पाण्याने भिजला तर तो वाळत असेपर्यंत दोरीखाली खुर्ची टाकत. बायकोने "जरा जेवून घ्या, मी बघते" म्हटल्यावर पहिल्या दिवशी ते एकदाच उठले. विहीणबाईंना गहिवरून आलं. "किती जीव लावतात हो ह्यांना," त्या म्हणाल्या.

फौजदारांना मात्र वेगळीच शंका होती. "मास्टर, तुम्ही माझ्या मानेकडे का बघता सारखे?"

"चोरांचा सुळसुळाट आहे, साहेब."

"मानेचे?" फौजदार हसले. "अहो, चोर हा जगातला सगळ्यात आळशी माणूस. जिथे सोपं दिसेल तिथे हात घालतो. दार लावायचं, सामान नजरेसमोर ठेवायचं, आणि बाकी वेळ मजा करायची. एवढीच काळजी पुरते. मी जन्मभर चोर पाहिलेत, आता मला मासे बघू द्या."

मास्टर मनात म्हणाले, निवृत्त झाले ते बरंच झालं.

शेवटच्या दिवशी बायका बाजारात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं, आता एक दुपार निभावली की झालं, अशा विचारात मास्टर शहाळी आणायला गेले. परत येऊन बघतात तो फौजदार नुसत्या बनियनवर बसलेले!

"शर्ट?" मास्टरांचा आवाज चिरकला.

"अं? शर्ट होय... खोलीत ठेवला. उकडत होतं." फौजदार समुद्राकडे बघत म्हणाले.

मास्टरांच्या जिवात जीव येतो न येतो तोच समोरून एक होडीवाला शीळ घालत गेला. अंगात तोच शर्ट. तीच फुलं, तीच कॉलर!

झालं! खोली फोडली! पण हे व्याह्यांना सांगायचं कसं? सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार, की साहेब, तुमच्या मंडळींच्या बांगड्यांची किल्ली मी चार दिवस तुमच्याच मानेवर ठेवली होती. ह्यापेक्षा समुद्र जवळ होता. मास्टर शहाळी तिथेच टाकून होडीवाल्याच्या मागे लागले.

होडीवाल्याने होडी पाण्यात ढकलण्याआधी शर्ट काढून जवळच्या खांबाला अडकवला. मास्टरांनी आयुष्यात कुणाचा दोरासुद्धा उचलला नव्हता. आता त्यांनी शर्ट उचलला आणि धूम ठोकली. धावता धावता दाताने कॉलर उसवायला लागले, पण शिवण मास्टरांचीच, ती दाताला कुठली दाद देते!

"चोर! चोर!" होडीवाला ओरडला. शहाळेवाला कोयता ठेवून धावला, पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारा गडी शिट्टी वाजवत धावला, दोन पर्यटक उगाचच धावले. तोंडात कॉलर धरलेले मास्टर वाळूत आडवे झाले.

चौकीतला हवालदार पेंगत होता. मोसम सुरू झाल्यापासून त्याच्याकडे चोर असा आलाच नव्हता. त्याने आधी टोपी शोधली, मग विचारलं, "काय चोरलं?"

"शर्ट, साहेब," होडीवाला म्हणाला. "माझा. एका साहेबांनी आजच दिला होता."

"खोटं! हा ह्यानेच खोलीतून चोरलाय!" मास्टर कडाडले. "माझे व्याही फौजदार आहेत. बोलवा त्यांना."

फौजदार आले. बनियनवरच आले. मागोमाग बाजारातून आलेल्या दोघी आल्या. फौजदारांनी मास्टरांकडे पाहिलं, होडीवाल्याकडे पाहिलं, आणि जन्मभर दुसऱ्यांना कबुली द्यायला लावलेला तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "मीच दिला. तो खरं बोलतोय."

मास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शर्ट देऊन टाकला म्हणून थोडं, आणि भीतीने जास्त. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "साहेब, कॉलरमध्ये किल्ली आहे," ते म्हणाले. "खणाची. मीच शिवली होती."

विहीणबाईंचा हात आपसूक रिकाम्या मनगटावर गेला. हवालदाराने कात्री दिली. मास्टरांनी एक टोक उसवलं, मग दुसरं. बकरम निघालं, दोरे निघाले. किल्ली निघाली नाही.

मास्टरांना समोर लेकीचा चेहरा दिसत होता. उद्याचं विमान गेलं, बांगड्या गेल्या, आणि आता त्या घरात ती तोंड कसं दाखवणार? "मला आत टाका," ते हवालदाराला म्हणाले. "मी खरंच तेवढ्याच लायकीचा आहे."

"अहो," त्यांची बायको म्हणाली, "बोलू का?"

"आता काय बोलणार आहेस!"

"तुम्ही तोंडातून काढायचा नाही म्हणालात तोच शब्द. किल्ली. ती काउंटरवर आहे, खिळ्याला. पहिल्याच दिवशी शर्ट वाळत घातला होता आणि तुम्हाला जेवायला पाठवलं, तेव्हा कॉलर हाताला लागली. तुमचा टाका मी ओळखत नाही होय? खाऱ्या पाण्याने गंजली असती, व्याह्यांच्या मानेला लागली असती. काढली, कॉलर पुन्हा शिवली आणि किल्ली मॅनेजरकडे देऊन टाकली."

सगळ्यांना दिसेल अशी किल्ली इतके दिवस खिळ्याला लटकत होती, आणि तिला कुणी हातही लावला नव्हता! विहीणबाई आधी हसल्या, मग हवालदार हसला. मास्टर भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना इतकं हलकं वाटलं, की रडू आणि हसू एकदमच आलं.

पण शिंपी तो शिंपीच. श्वास जरा जागेवर येताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "थांबा. किल्ली पहिल्याच दिवशी निघाली होती ना? मग साहेब, मानेला टोचायला तर काही नव्हतंच. दिलात का?"

फौजदारांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मास्टर, राग मानू नका," फौजदार म्हणाले. "टोचत काही नव्हतं. बसतच नव्हता हो. काखेत मुंढा काचायचा, आणि जेवल्यावर बटण लावलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तुम्ही इतक्या प्रेमाने चोवीस तास त्याच्याकडे बघत होतात, म्हणून चार दिवस काढले. आज तुम्ही शहाळी आणायला गेलात, तेवढीच संधी मिळाली."

हवालदाराने होडीवाल्याला शर्ट परत दिला. होडीवाल्याने उसवलेली कॉलर पुढे करून विचारलं, "आता ही कोण शिवणार?" मास्टरांनी खिशातून सुईदोरा काढला आणि चौकीच्या बाकावर बसून, ज्याला चोर म्हटलं त्याची कॉलर मुकाट्याने शिवून दिली. होडीवाल्याने शर्ट चढवला. खांदा खांद्यावर, मुंढा मुंढ्यात, कुठे एक सुरकुती नाही. जसा काही त्याच्याच मापाने बेतलेला.

मास्टर उठून उभे राहिले. गेलेला रुबाब जरासा परत आला. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "नजर चुकत नाही माझी."

"नाही हो," बायको त्यांच्या गुडघ्यावरची वाळू झटकत म्हणाली. "फक्त माणूस चुकतो."