वाळत घातलेलं रीळ

मास्तरांच्या पलंगाखालून आंबूस वास यायला लागला, तेव्हा मास्तरीणबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं. सुनेनं झाडलं, पुसलं, फिनेल ओतलं. वास काही हटेना. शेवटी कोपऱ्यातून पत्र्याचा डबा निघाला. आत चाळीस वर्षांपूर्वीचं रीळ होतं. मास्तरांचा तायक्वांदोचा वर्ग घराच्या पुढच्या खोलीत भरायचा, तेव्हा कुणीतरी घेतलेलं. त्यात मास्तरांची ती उडती लाथ होती म्हणे, एका दमात तीन फळ्या तोडणारी.

मास्तर जाऊन वर्ष झालं होतं. त्याआधी सहा वर्षं ते पलंगावरच. कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागायची. हा माणूस दोन पायांवर उभा कसा दिसायचा, हे मास्तरीणबाईंना आता आठवत नव्हतं. अशी गोष्ट सांगायची तरी कुणाला?

"फिल्म सडायला लागलीय," जुनी रिळं कॉम्प्युटरवर उतरवून देणारा फिल्मवाला मुलाला फोनवर म्हणाला. "थंड आणि कोरड्या जागी ठेवा. सोमवारी आणा, जमेल तेवढं उतरवून देतो."

मुलानं सवयीप्रमाणे अर्धंच ऐकलं, बापाचंही तेवढंच ऐकायचा. रीळ फ्रिजमध्ये गेलं, दुधाच्या पातेल्याशेजारी. दुसऱ्या दिवशी वीज गेली, वरचा बर्फ वितळला आणि रिळाला आंघोळ घडली.

"ओलं झालंय ना? मग वाळवायचं. एवढं शिकून हेही कळू नये?" असं म्हणून मास्तरीणबाईंनी ते उलगडलं आणि अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून भर उन्हात पसरलं. मुलगा कामावर होता. सून बोलणार होती, पण फिनेलचा राग अजून उतरला नव्हता.

तेवढ्यात थोरला शिष्य आला. वय पन्नाशीचं, पोट पुढं, पोटावर काळा पट्टा. मास्तरांचा वर्ग आता तो चालवायचा आणि शिस्तही मास्तरांचीच ठेवायचा. ज्याला स्वतःचा पट्टा बांधता येत नाही, त्यानं घरी जावं. याचपायी मास्तरांनी त्याला स्वतःला तीनदा हाकललं होतं.

तो दोरीपुढं कमरेत वाकला. "काकू, यात ती लाथ आहे?"

"आहे म्हणतात. मी कुठं पाहिली? मी आत भांडी घासत होते."

"पाहिली नाहीत? अहो, अशी होती!"

आणि त्यानं उडी घेतली. उडी वीतभरच होती, पण पाय नेमका दोरीत गेला. दोरी, चिमटे, रीळ आणि शिष्य एकदमच खाली आले. रिळाचे नऊ तुकडे झाले. शिष्य अखंड राहिला.

फिल्मवाल्यानं तुकडे उजेडात धरले. "सुरुवातीची वीस सेकंदं निघतील," तो म्हणाला. "लाथ गेली."

ती वीस सेकंदं बघायला सगळे टीव्हीपुढं बसले, मयताच्या घरी बसावं तसे. मास्तर दिसले. सडसडीत, ताठ, दोन पायांवर. हातात पट्टा. त्यांनी तो कमरेभोवती फिरवला, गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. त्यांनी हळूच मागं वळून पाहिलं. बाजूनं एक तरुण बाई आली, तिनं त्यांच्या हातावर चापट मारली, पट्टा ओढून पक्की गाठ बसवली आणि निघून गेली. मास्तरांनी छाती फुगवली. चित्र संपलं.

मुलगा आईकडे बघायला लागला.

"रोज मीच बांधायचे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कुणाला सांगू नकोस म्हणाले होते. नाही सांगितलं."

थोरला शिष्य उठला, टीव्हीपुढं येऊन खाली वाकला आणि पुटपुटला, "काकू, माझाही बायकोच बांधते."

"ठाऊक आहे. तुला का बांधता येतेय तसली गाठ? दारात शिरलास तेव्हाच ओळखलं." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "आता पोट घेऊन बाजूला हो. पुन्हा लाव रे."